औषध स्वस्त झाले, मग विम्याचा हप्ता का वाढतो? अमेरिकेतील मेडिकेअरचा हिशेब

व्यापाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. गिऱ्हाइकाला सूट दिली की ती रक्कम कोणाच्या तरी गल्ल्यातून जाते. कधी ती किरकोळ दुकानदाराच्या नफ्यातून जाते, कधी घाऊक व्यापाऱ्याच्या, तर कधी कारखानदाराच्या. सरकारने मध्ये पडून सूट द्यायला लावली तर ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी करदात्याच्या खिशातून जाते. अमेरिकेतील वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेत २०२२ पासून औषधांच्या धोरणात जे मोठे बदल झाले, ते समजून घेण्याची किल्ली हीच आहे. तिथे म्हाताऱ्या माणसाचा औषधखर्च कमी झाला हे खरे आहे. पण विम्याच्या हप्त्यांची गणिते पार उलटीपालटी झाली, हेही तितकेच खरे आहे.

हा परदेशातील विषय आपल्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली आणि आता आईवडिलांना कायमचे तिकडे नेण्याचा विचार चालला आहे, अशी घरे आपल्यातही आहेत. अशा घरांत औषधपाण्याच्या खर्चाचा अंदाज चुकला तर मुलाच्या पगाराचे अंदाजपत्रक कोलमडते. दुसरे कारण असे की अमेरिकेत विकली जाणारी जेनेरिक औषधे मोठ्या प्रमाणात भारतात तयार होतात आणि त्यांतील अनेक कंपन्यांची मुख्य कचेरी मुंबईत आहे. तिकडच्या दराचा धक्का इकडच्या कारखान्यापर्यंत आणि कारखान्याला माल पुरवणाऱ्या छोट्या कारागिरापर्यंत पोहोचतो.

मेडिकेअर म्हणजे काय?

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी, तसेच काही अपंग व मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराच्या रुग्णांसाठी ही योजना आहे. तिचा ‘ए’ भाग रुग्णालयाचा खर्च देतो आणि ‘बी’ भाग डॉक्टरांचा व बाह्यरुग्ण उपचारांचा. मात्र डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली आणि रुग्णाने दुकानातून गोळ्या आणल्या, तर त्याचा खर्च जवळजवळ चाळीस वर्षे मेडिकेअर देत नव्हती. १९६५ साली औषधे हा किरकोळ खर्च होता. पुढे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची औषधे जन्मभर घ्यावी लागू लागली आणि हाच खर्च डोईजड झाला.

डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांच्या काळात नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २००६ पासून औषधांचा ‘डी’ भाग सुरू झाला. त्याची रचना नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सगळे गणित तिच्यावर उभे आहे. सरकार औषधे स्वतः विकत घेत नाही. खाजगी विमा कंपन्या आपापल्या योजना बाजारात आणतात. प्रत्येक कंपनी दरवर्षी सरकारला सांगते, की सर्वसाधारण प्रकृतीच्या एका माणसाची औषधे सांभाळायला मला महिन्याला इतके डॉलर लागतील. ही तिची बोली. सर्व बोलींची सरासरी काढून सरकार एक मूळ हप्ता ठरवते. एकूण खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा, नेमके सांगायचे तर साडेपंचवीस टक्के, सभासदांकडून यावा आणि बाकीचा सरकारने सोसावा, अशी मूळ कल्पना होती. याच कायद्यात आणखी एक कलम होते. औषध कंपन्यांशी सरकारने किमतीची घासाघीस करायची नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाने भाव विचारायचा नाही, अशी ही अजब अट सोळा वर्षांहून अधिक काळ टिकली.

मधले भोक

२००६ ची योजना अशी होती. वर्षातील पहिले २५० डॉलर सभासदाने स्वतः भरायचे. त्यापुढे एकूण खर्च २,२५० डॉलर होईपर्यंत चौथा हिस्सा त्याचा व तीन हिस्से कंपनीचे. तेथून पुढे मात्र कंपनी हात वर करी. २,२५० पासून ५,१०० डॉलरपर्यंतचा सगळा खर्च सभासदाच्या डोक्यावर. त्याच्या खिशातून वर्षात ३,६०० डॉलर गेले की पुन्हा विमा जागा होई आणि सभासदाला साधारण पाच टक्केच द्यावे लागत. या मधल्या उघड्या पट्ट्याला अमेरिकन लोक डोनट या गोड पदार्थाच्या मधल्या भोकाची उपमा देत. आपण मेदूवड्याचे भोक म्हणू.

हे भोक बुजवायला बारा-चौदा वर्षे लागली. २०१० च्या आरोग्य कायद्याने औषध उत्पादकांना या पट्ट्यात ब्रँडेड औषधांवर ५० टक्के सूट द्यायला लावले. ही सूट २०११ पासून लागू झाली आणि २०१९ मध्ये ७० टक्के झाली. २०२० पर्यंत सभासदाचा वाटा सर्वत्र चौथ्या हिश्शावर आला. तरी एक दुखणे उरलेच. शेवटच्या टप्प्यातील पाच टक्क्यांना वरची मर्यादा नव्हती. रक्ताच्या कर्करोगावरील इम्ब्रुविका या औषधाची २०२३ मधील छापील किंमत महिन्याला १४,९३४ डॉलर होती. तिचे पाच टक्के म्हणजे सुमारे ७४७ डॉलर, आणि तेही दर महिन्याला, जन्मभर. निवृत्त माणसाला हे कसे परवडावे? विमा असूनही घर विकायची पाळी येणे म्हणजे छत्री असून भिजण्यासारखे होते.

२०२२ चा कायदा

१६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ या कायद्यावर सही केली. औषधांपुरते पाहिले तर त्यातील मुख्य गोष्टी क्रमाने अशा अमलात आल्या :

१) उत्पादकाने महागाईच्या दरापेक्षा जास्त वेगाने किंमत वाढवली, तर वरचा फरक मेडिकेअरला परत करायचा.

२) २०२३ पासून इन्शुलिनसाठी सभासदाने महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. शिफारस झालेल्या प्रौढांच्या लसी मोफत.

३) २०२४ पासून शेवटच्या टप्प्यातील पाच टक्के माफ. गरीब सभासदांसाठीच्या पूर्ण मदतीची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या दीडपट केली.

४) २०२५ पासून वर्षाच्या खर्चाला मर्यादा. त्या वर्षी ती २,००० डॉलर होती, २०२६ साठी २,१०० डॉलर आहे. ही रक्कम एकदम न भरता महिन्यामहिन्याला विभागून भरण्याची सोयही झाली.

५) किमतीच्या घासाघीशीवरील बंदी उठली. निवडक औषधांच्या ठरवून घेतलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या.

वर सांगितलेल्या कर्करोगाच्या रुग्णाचेच उदाहरण पुन्हा घेऊ. २०२६ मध्ये इम्ब्रुविकाची मेडिकेअरसाठी ठरलेली किंमत महिन्याला ९,३१९ डॉलर आहे. म्हणजे जानेवारीच्या पहिल्याच चिठ्ठीत त्याची २,१०० डॉलरची मर्यादा संपते. त्याने विभागून भरण्याची सोय वर्षारंभी घेतली तर महिन्याला १७५ डॉलर. पुढचे अकरा महिने औषध दुकानात त्याला एक पैही मोजावी लागत नाही. या माणसाच्या घरात या कायद्याने काय झाले असेल, ते सांगायची गरज नाही.

शंभर डॉलरची वाटणी

आता हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला येऊ. रुग्णाने भरायचे थांबवले, पण औषधाचे बिल तर कोणीतरी भरतेच. शेवटच्या टप्प्यातील, म्हणजे मर्यादेच्या वरच्या, शंभर डॉलरच्या ब्रँडेड औषधाची वाटणी पाहा.

२०२३ पर्यंत : रुग्ण ५, विमा कंपनी १५, सरकार ८०.

२०२४ मध्ये : रुग्ण ०, विमा कंपनी २०, सरकार ८०.

२०२५ पासून : रुग्ण ०, विमा कंपनी ६०, औषध उत्पादक २०, सरकार २०.

पहिल्या आणि शेवटच्या ओळीतील विमा कंपनीचा आकडा पाहावा. १५ चे ६० झाले. हे काही चुकून झालेले नाही. पूर्वी शेवटच्या टप्प्यात ८० टक्के सरकार देत असे, त्यामुळे महाग औषधाचा भाव उतरवून घेण्याची कंपनीला फारशी निकड नव्हती. उलट महाग औषधावर उत्पादकाकडून मोठी सूट मिळे, बिल मात्र सरकारच्या नावावर फाटे. दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करणारा घासाघीस कशाला करील? म्हणून कायद्याने जोखीम कंपनीच्या अंगावर टाकली. आता औषध महाग तर कंपनीचा तोटा, स्वस्त तर तिचा फायदा. सरकारने आपला ८० टक्क्यांचा भार २० वर आणला आणि उत्पादकालाही वाटेकरी केले.

पण ज्याच्या अंगावर जोखीम येते तो आपल्या दरात ती धरणारच. आपल्याकडील मालवाहतूकदाराला सांगितले, की आजपासून वाटेतील नुकसानभरपाई तुझी, तर तो भाडे वाढवून मागेल. विमा कंपन्यांनी तेच केले.

मग हप्त्याचे काय झाले?

कंपन्यांच्या बोलीची देशभरातील सरासरी २०२४ मध्ये दरमहा ६४.२८ डॉलर होती. २०२५ मध्ये ती १७९.४५ झाली आणि २०२६ मध्ये २३९.२७. दोन वर्षांत जवळजवळ पावणेचार पट. नुसता हा आकडा पाहिला तर म्हाताऱ्या माणसाचे कंबरडे मोडले असेल असे वाटेल. तसे झाले नाही, कारण कायद्यात एक बांध घातलेला आहे. मूळ हप्ता एका वर्षात सहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही. तो २०२४ मध्ये ३४.७० डॉलर होता, २०२५ मध्ये ३६.७८ झाला आणि २०२६ साठी ३८.९९ आहे. दोन्ही वेळा बरोबर सहा टक्के.

मधला फरक कोणी भरला? सरकारने. सरासरी बोलीतून मूळ हप्ता वजा केला की सरकारची दरडोई थेट मदत निघते. २०२४ मध्ये ती २९.५८ डॉलर होती, २०२५ मध्ये १४२.६७ आणि २०२६ मध्ये २००.२८. म्हणजे सरकारने शेवटच्या टप्प्यातील आपला वाटा कमी केला खरा, पण तो पैसा दुसऱ्या दाराने कंपन्यांकडे जाऊ लागला. फरक एवढाच, की पूर्वी बिल येईल तसे सरकार भरत होते. आता आगाऊ ठरलेली रक्कम देते आणि त्यापुढच्या नफ्यातोट्याची चिंता मुख्यतः कंपनीची.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी. सहा टक्क्यांचा बांध मूळ हप्त्याला आहे, प्रत्येक कंपनीच्या हप्त्याला नाही. सभासदाचा प्रत्यक्ष हप्ता असा निघतो : कंपनीची बोली, वजा सरासरी बोली, अधिक मूळ हप्ता. समजा २०२५ मध्ये एखाद्या कंपनीची बोली २२० डॉलर होती. २२० मधून १७९.४५ वजा केले, उरले ४०.५५. त्यात ३६.७८ मिळवले. हप्ता झाला ७७.३३ डॉलर. सरासरीच्या वर जितके जाल तितके सगळे सभासदाच्या माथी. उलट सरासरीपेक्षा कमी बोली असलेल्या कंपनीचा हप्ता मूळ हप्त्यापेक्षाही खाली उतरतो. म्हणूनच एकाच गावातील दोन शेजाऱ्यांचे हप्ते वेगवेगळे असतात आणि एकाचा हप्ता घटत असताना दुसऱ्याचा दुप्पट होऊ शकतो.

नव्या रचनेत नेमका किती खर्च येईल याचा अंदाज कंपन्यांनाही नव्हता. त्यामुळे बोली विस्कळीत आल्या. हप्ते एकदम भडकू नयेत म्हणून सरकारने २०२५ मध्ये केवळ औषधांच्या स्वतंत्र योजनांसाठी एक तात्पुरता प्रयोग केला. त्यात सहभागी योजनांच्या मूळ हप्त्यातून १५ डॉलर कमी केले आणि वर्षाची वाढ ३५ डॉलरच्या आत ठेवली. २०२६ साठी ही मदत १० डॉलरवर आणली आणि वाढीची मर्यादा ५० डॉलर केली. म्हणजे आधार हळूहळू काढून घेतला जात आहे. सहा टक्क्यांचा बांधही कायद्याने २०२९ पर्यंतच आहे. पुढच्या काळात हप्त्यावर दाब येणार हे यावरून दिसते.

छापील किंमत आणि खरी किंमत

घासाघीशीसाठी सरकारने पहिल्या फेरीत दहा औषधे निवडली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांच्या किमती जाहीर झाल्या. मधुमेहाचे जनुव्हिया महिन्याला ५२७ डॉलरवरून ११३ वर आले. फार्क्सिगा ५५६ वरून १७८.५० वर आणि जार्डियन्स ५७३ वरून १९७ वर. रक्त पातळ ठेवणारे एलिक्विस ५२१ वरून २३१ वर आणि झरेल्टो ५१७ वरून १९७ वर. पुढे आणखी पंधरा औषधांच्या किमती ठरल्या. त्या १ जानेवारी २०२७ पासून लागू करायच्या ठरल्या असून ओझेम्पिक हे गाजलेले औषध त्यांत आहे. २०२८ पासूनच्या यादीत दवाखान्यात देण्याच्या, म्हणजे ‘बी’ भागातील औषधांचाही समावेश होतो.

जनुव्हियाची घट ७९ टक्के दिसते. पण सरकारचाच अंदाज असा, की या दहा किमती २०२३ मध्ये लागू असत्या तर सुमारे सहा अब्ज डॉलर, म्हणजे निव्वळ खर्चाच्या २२ टक्के वाचले असते. ७९ कुठे आणि २२ कुठे? याचे उत्तर प्रत्येक घाऊक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. डब्यावरची छापील किंमत वेगळी आणि प्रत्यक्ष सौद्याची किंमत वेगळी. अमेरिकेत विमा कंपन्या व औषध उत्पादक यांच्यामध्ये मोठ्या मध्यस्थ कंपन्या असतात. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघींच्या हातून तेथील बहुतेक चिठ्ठ्यांचा व्यवहार जातो. ‘आमच्या यादीत तुमचे औषध वर ठेवतो, तुम्ही मागाहून सूट द्या,’ असा हा सौदा. त्यामुळे ५२७ डॉलरच्या जनुव्हियावर विमा कंपनीला आधीच घसघशीत परतावा मिळत होता. किंमत ११३ झाली तेव्हा तो परतावाही गेला. कंपनीच्या दृष्टीने निव्वळ बचत छापील फरकापेक्षा बरीच कमी, आणि म्हणूनच हप्त्यात मोठी घट दिसत नाही.

रुग्णाचे मात्र वेगळे आहे. मागाहून मिळणारी सूट त्याच्या हाती कधी येतच नव्हती. ज्याला किमतीच्या २५ टक्के द्यावे लागतात, त्याने ५२७ च्या भावात सुमारे १३२ डॉलर भरले असते. ११३ च्या भावात तो २८ डॉलर भरतो. पण ज्याच्या योजनेत ठरावीक रक्कम आहे, समजा महिन्याला ४७ डॉलर, त्याला किंमत उतरूनही दुकानात फरक जाणवेलच असे नाही. ‘सरकारने औषध स्वस्त केले, मग माझे बिल तेवढेच कसे?’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे असते.

कंपन्यांनी आणखी काय केले?

हप्ता वाढवता येत नसेल तर व्यापारी माल कमी करतो. विमा कंपन्यांनीही वेगवेगळे मार्ग काढले. एक म्हणजे काहींनी दुकानच आवरले. औषधांच्या स्वतंत्र योजना २०२४ मध्ये देशभरात ७०९ होत्या, त्या २०२५ मध्ये ४६४ राहिल्या आणि २०२६ मध्ये आणखी घटल्या. दुसरे म्हणजे आरंभी सभासदाने सोसायची रक्कम. तिची कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा २०२४ मध्ये ५४५ डॉलर होती, २०२५ मध्ये ५९० झाली आणि २०२६ मध्ये ६१५ आहे. तिसरे म्हणजे अनेक योजनांनी ठरावीक रकमेऐवजी किमतीच्या टक्क्यांत वाटा मागायला सुरुवात केली. चौथे म्हणजे औषधांची यादी आखडणे, आधी परवानगी घ्या म्हणणे, आधी स्वस्त औषध घेऊन पाहा म्हणणे. कर्करोग, एचआयव्ही, मानसिक आजार, फिट्स, अवयवरोपण अशा सहा वर्गांतील जवळजवळ सर्व औषधे यादीत ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. इतरत्र त्यांना बरीच मोकळीक आहे.

दुसरीकडे ‘मेडिकेअर ॲडव्हांटेज’ नावाच्या खाजगी एकत्रित योजना आहेत. त्यांत रुग्णालय, डॉक्टर आणि बहुधा औषधेही एकत्र येतात. या कंपन्यांना रुग्णालय-डॉक्टरच्या भागातून जे पैसे वाचतात ते औषधांचा हप्ता कमी करायला वापरता येतात. म्हणून त्यांच्या जाहिरातीत ‘हप्ता शून्य’ असे मोठ्या अक्षरांत दिसते. मेडिकेअरचे निम्म्याहून अधिक सभासद आता अशा योजनांत आहेत. पण शून्य हप्ता म्हणजे शून्य खर्च असा अर्थ होत नाही. तेथे बहुधा ठरलेल्या जाळ्यातील डॉक्टरांकडेच जावे लागते आणि अनेक उपचारांना आधी मंजुरी लागते.

आईवडिलांना तिकडे नेणाऱ्यांनी काय पाहावे?

पर्यटक व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना मेडिकेअर मिळत नाही. ग्रीन कार्ड मिळाले तरी लगेच मिळत नाही. वय ६५ पूर्ण आणि कायमचा रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे वास्तव्य, या दोन्ही गोष्टी लागतात. जुलै २०२५ च्या कायद्याने निर्वासित व आश्रित अशा काही गटांचा हक्क काढून घेतला. ग्रीन कार्डधारकांचा हक्क मात्र कायम आहे.

रुग्णालयाचा ‘ए’ भाग ज्यांनी (किंवा ज्यांच्या पतीने वा पत्नीने) अमेरिकेत सुमारे दहा वर्षे काम करून कर भरला त्यांना मोफत असतो. मुलाने भरलेला कर यासाठी उपयोगी पडत नाही. ज्यांनी तेथे काम केलेच नाही त्यांना २०२६ मध्ये ‘ए’ भागासाठी दरमहा ५६५ डॉलर आणि ‘बी’ भागासाठी २०२.९० डॉलर भरावे लागतात. त्यात औषधांचा मूळ हप्ता ३८.९९ धरला तर एका माणसाचे ८०६.८९ डॉलर होतात. आई आणि वडील दोघे असतील तर दुप्पट. पहिल्या पाच वर्षांच्या खाजगी विम्याचा खर्च याहून वेगळा. हा हिशेब तिकिटे काढण्याआधी करावा.

औषधांच्या योजनेत वेळेवर नाव न घातल्यास दंड आहे. योजना घेता येत असूनही दुसरे पुरेसे संरक्षण नसताना जितके महिने रिकामे गेले, तितके टक्के मूळ हप्त्यावर वाढतात. चोवीस महिने गेले तर ३८.९९ चे २४ टक्के, म्हणजे सुमारे ९.४० डॉलर दरमहा. तेही योजना आहे तोवर कायम, आणि मूळ हप्ता वाढेल तसा दंडही वाढतो. ‘आता तर एकच गोळी चालू आहे, योजना कशाला?’ असा विचार करणारे येथे फसतात.

आणखी एक गोष्ट. भारतातून सहा महिन्यांच्या गोळ्या बांधून नेण्याची अनेकांची पद्धत आहे. परदेशात घेतलेल्या औषधांचे पैसे मेडिकेअरची योजना देत नाही आणि तो खर्च २,१०० डॉलरच्या मर्यादेतही धरला जात नाही. इकडे स्वस्त पडते म्हणून नेणे समजण्यासारखे आहे, पण दोन्हीकडचा हिशेब वेगळा ठेवावा.

योजना बदलण्याची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते. त्या वेळी नुसता हप्ता पाहू नये. आपली औषधे यादीत आहेत का, ठरावीक रक्कम आहे की टक्का, आरंभीची रक्कम किती, जवळचे दुकान जाळ्यात आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडून वर्षाची बेरीज करावी. गेल्या वर्षीची उत्तम योजना यंदाही उत्तम असेल असे मुळीच नाही.

आपल्या कारखान्यांशी संबंध

अमेरिकेत दर दहा चिठ्ठ्यांपैकी नऊ जेनेरिक औषधांच्या असतात. सिप्ला, ल्युपिन, सन फार्मा, ग्लेनमार्क या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्या त्या बाजारात माल विकतात. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत उभी केलेली सिप्ला तर आपल्या वाचकांना परिचितच आहे. जेनेरिक उत्पादकाचा धंदा ब्रँडच्या भावाखाली माल देण्यावर चालतो. ब्रँड ५२७ ला विकला जात असेल तर खाली भरपूर जागा असते. सरकारने तोच ११३ वर आणून ठेवला, तर पेटंट संपल्यावर येणाऱ्या जेनेरिकला तेवढी जागा उरत नाही. नवे जेनेरिक बाजारात आणण्याचा खर्च मात्र पूर्वीइतकाच. उलट बाजूने, महाग औषधाचा ६० टक्के भार आता विमा कंपनीवर असल्यामुळे स्वस्त पर्याय यादीत घेण्याची तिची ओढ वाढते. कोणती बाजू जड ठरेल ते औषधागणिक वेगळे असेल. तारापूर, वाळूज, गोव्यातील वेर्णा अशा वसाहतींतील औषध कारखान्यांना खोकी, लेबले, फॅब्रिकेशन पुरवणाऱ्यांनी आपले गिऱ्हाईक अमेरिकेला काय पाठवते याची चौकशी ठेवलेली बरी.

भाव बांधण्याची आपली पद्धत निराळी आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतील औषधासाठी, बाजारात निदान एक टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढतात आणि तिच्यावर १६ टक्के दुकानदाराचा नफा धरून कमाल किंमत ठरवतात. जनुव्हियातील सिटाग्लिप्टिनचे पेटंट भारतात २०२२ मध्ये संपले आणि पाठोपाठ अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. येथे स्पर्धेने जे केले ते तेथे सरकारला टेबलावर बसून करावे लागले. मात्र आपल्याकडे गोळी स्वस्त असली तरी रोजच्या औषधांचे पैसे बहुतेक घरांना स्वतःच मोजावे लागतात. वर्षाला अमुक रकमेपुढे तुम्हाला एक रुपयाही द्यावा लागणार नाही, अशी हमी येथील सामान्य म्हाताऱ्याला नाही.

थोडक्यात, औषधाच्या धोरणात बदल झाला की चार खिसे हलतात : रुग्णाचा, विमा कंपनीचा, उत्पादकाचा आणि सरकारचा. २०२२ च्या कायद्याने गंभीर आजारी माणसाच्या खिशाला बांध घातला. तो भार थोडा उत्पादकावर, पुष्कळसा विमा कंपनीवर आणि हप्त्यातील मदतीच्या रूपाने सरकारवर गेला. निरोगी सभासदाचा हप्ता थोडा वाढला आणि आजाऱ्याचे घर वाचले. विम्याचा मूळ अर्थही हाच आहे. पुढे कोणी ‘औषध स्वस्त केले’ किंवा ‘हप्ता शून्य केला’ असे सांगितले, तर व्यापाऱ्याने आपल्या सवयीप्रमाणे एकच प्रश्न विचारावा : उरलेले पैसे कोणाच्या वहीत मांडले आहेत?